बाबांना रॉक शोला न्यायचंय, स्टँडिंग घेऊ की सीट?

प्रश्न: ताई, माझे बाबा 66 वर्षांचे आहेत, एसटीतून रिटायर झालेत. पुण्याला होस्टेलवर असताना रूममेटच्या टेपवर डीप पर्पल, पिंक फ्लॉइड ऐकून जे वेड लागलं ते अजून तसंच आहे, आमच्याकडे सकाळी अभंग आणि संध्याकाळी इलेक्ट्रिक गिटार असं चालतं. पण मोठा शो त्यांनी आयुष्यात एकही बघितला नाही. आता नेरूळच्या स्टेडियमवर पुढचा मोठा रॉक शो लागला की न सांगता न्यायचं, सरप्राइज द्यायचं असं मी ठरवलंय. आई म्हणते गुडघ्यांचं काय, भाऊ म्हणतो घरीच मोठ्या टीव्हीवर लावून दे. स्टँडिंग घेऊ की सीट? आणि आवाजाचा त्रास होईल का? बीपीची गोळी चालू आहे त्यांना.
— एक वाचक, सातारा

उत्तर: ने गं, नक्की ने. आणि सीटच घे, यात दुसरा विचार करू नकोस. का ते सांगते, कारण मी हीच चूक माझ्या बाबांच्या बाबतीत केलीय.

डिसेंबर 2019 ला यू2 हा आयरिश रॉक बँड पहिल्यांदा भारतात आला होता, 15 तारखेला, नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर. माझ्या बाबांनी त्यांचा 1987 चा 'द जोशुआ ट्री' हा अल्बम कॅसेटवर इतका ऐकलेला की टेप घासून गेली होती. मी मोठ्या हौसेनं स्टँडिंगची दोन तिकिटं काढली, म्हटलं स्टेजच्या जवळून बघू दे त्यांना. आम्ही दुपारी चारला रांगेत लागलो. बँड आला तोवर अंधार पडून कितीतरी वेळ झालेला आणि बाबांच्या पायातलं त्राण संपलेलं, ते खाली मैदानातच बसले. आता त्या टूरमध्ये सुरुवातीची गाणी बँड गर्दीच्या मधे आलेल्या छोट्या स्टेजवर वाजवायचा आणि मागचा मोठा स्क्रीन तेव्हा बंद असायचा. म्हणजे बाबांना दिसले ते फक्त लोकांचे पाय. मी वाकून विचारत होते, बाबा जाऊया का बाहेर, आणि ते मान हलवून नाही म्हणत होते, डोळे मिटून ऐकत होते. मग तो 200 फूट रुंद स्क्रीन लालभडक पेटला, त्यावर अल्बमच्या नावातलं ते झाड, आणि त्याच अल्बमचं पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा शेजारच्या दोन अनोळखी पोरांनी बाबांना काखेत हात घालून उभं केलं आणि ते अख्खं गाणं धरून ठेवलं. त्या पोरांची नावंसुद्धा मी विचारली नाहीत, याची रुखरुख आजही आहे.

जानेवारी 2025 ला कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या शोला त्याच स्टेडियमवर बाबांना परत नेलं, यावेळी वरच्या स्टँडमध्ये. त्यांना त्या बँडचं एक गाणं येत नव्हतं. पण प्रेक्षकांच्या हातातले ते एलईडी रिस्टबँड एकदम लागले ना, ते वरून जसं दिसतं तसं खाली उभं राहून दिसतच नाही, खाली आपल्याला आजूबाजूचे चार हात दिसतात आणि वरून अख्खं स्टेडियम पिवळं होतंय, लाल होतंय, लाटेसारखं फिरतंय असं दिसतं. या स्टेडियमचं छत असं बांधलंय की मधे खांब नाहीत, त्यामुळे मागच्या रांगेतूनही काही अडत नाही. तिकीट काढताना नकाशात फक्त एवढं बघ की स्टेजच्या अगदी कडेला सीट येत नाहीये ना, आणि जिने कमी चढावे लागतील असा खालचा स्टँड बजेटमध्ये बसत असेल तर तो घे. लांब बसलात तर ड्रमरचा हात आधी दिसतो आणि ठोका जरासा नंतर येतो, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो म्हणून शंभर मीटरवर पाव सेकंदाहून जास्त फरक पडतो. साउंडवाले मैदानात मधे मधे स्पीकरचे टॉवर लावून तो जुळवून घेतात, तरी बाबांना आधी सांगून ठेव, त्यांना आवडेल असलं काही.

आवाजाचं विचारलंस ते बरं केलंस. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली, पण तेवढ्या आवाजातसुद्धा कान उघडे ठेवून पंधरा मिनिटांच्या वर राहू नये असं कामाच्या जागांसाठीचे अमेरिकन निकष सांगतात, आणि शो चालतो दोन तास. त्यामुळे इअरप्लग दोघांनी घालायचे, फक्त बाबांनी नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे चालतात पण त्यात वरचे सूर जास्त दबतात आणि गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं येतं, म्हणून म्युझिकसाठीचे वेगळे मिळतात ते घे, बाबांसारख्या कानसेनाला ते घ्यावेतच. फोमचे घेतलेस तर बोटांत वळून बारीक करायचे, कान वर आणि मागे ओढायचा, आत सारायचे आणि फुगेपर्यंत बोट लावून धरायचं. नुसते टोचून ठेवले तर काही उपयोग नाही. घरी दोनदा सराव करून जा. बीपीचं डॉक्टरांना आधी विचार, गोळीची वेळ चुकवू नका, आणि गोळ्या नेताना प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेवा, गेटवर तपासणी असते. बाहेरची पाण्याची बाटली बहुतेक वेळा आत सोडत नाहीत, पॉवरबँकसुद्धा, म्हणून आत गेल्या गेल्या आधी पाणी घ्यायचं.

आणखी एक, आत मोबाइलचं नेटवर्क जातं. हजारो फोन एका जागी. आमची 2019 ला चुकामूक झाली ती बाथरूमच्या रांगेत, पाऊण तास मी रडकुंडीला आले होते. तुम्ही आत जातानाच एक खूण ठरवा, अमुक नंबरचं गेट, त्याच्या डावीकडे, आणि बाबांच्या तिकिटाचा स्क्रीनशॉट त्यांच्याच फोनमध्ये ठेव.

आपल्याकडे उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे शो साधारण तेव्हा संपतो. सगळं स्टेडियम एकदम नेरूळ स्टेशनकडे लोटतं, त्यात शिरू नका. अर्धा तास सीटवरच बसा, गप्पा मारा. साताऱ्याहून येणार म्हणजे पाच तासांचा प्रवास झालेला असणार, त्याच रात्री परत निघू नका, वाशी-नेरूळमध्ये कुणी नातेवाईक असतील तर मुक्काम करा.

आता सरप्राइजचं. ते सोडून दे असं मला मनापासून वाटतं. तिकीट काढलंस की त्याच दिवशी सांग. महिनाभर ते रोज गाणी लावतील, शेजाऱ्यांना सांगतील, बूट कुठले घालायचे ते ठरवतील, संध्याकाळी थोडं चालायला लागतील. 66 वर्षांच्या माणसाला स्टेडियमच्या दारात नेऊन उभं केलं तर त्याच्या वाट्याचा तो महिना गेला की. आणि आईलाही विचार, नुसतं गुडघ्यांचं निमित्त आहे का तिलाही यायचंय.

प्रश्न: भाचा नऊ वर्षांचा आहे, मामाबरोबर रॉक शोला यायचंच म्हणतोय. नेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: आधी तिकिटावरची वयाची अट नीट वाचा, प्रत्येक शोची वेगळी असते, काही ठिकाणी लहान मुलांना स्टँडिंगमध्ये घेतच नाहीत. फोमचे इअरप्लग एवढ्याशा कानात नीट बसत नाहीत, त्याला कान पूर्ण झाकणारे इअरमफ घ्या, लहान मुलांच्या मापाचे मिळतात, आणि शोच्या आधी आठवडाभर घरी घालायला लावा, नाहीतर तिसऱ्या गाण्याला काढून टाकेल. स्पीकरजवळची जागा नको. त्याच्या खिशात तुमचा आणि त्याच्या आईचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. आणि त्याला झोप आली किंवा कान दुखतो म्हणाला तर आवडतं गाणं राहिलं असलं तरी उठायचं, ही तयारी असेल तरच त्याला हो म्हणा.