आधी विचारा, उचल कुणी दिली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तीस माणसांची हाऊसकीपिंग कंपनी आहे, इंग्लंडमधल्या एका ग्राहकाने ‘आधुनिक गुलामगिरी रोखण्यासाठी काय करता’ असा फॉर्म पाठवलाय, आणि आपल्याकडे गुलाम कुठे आहेत, मग त्यात लिहायचं काय?

मी याच धंद्यात चौदा वर्षं आहे. मलाही आधी असंच वाटलं होतं. गुलाम म्हटलं की साखळदंड डोळ्यांसमोर येतात. पण आपल्याकडे या गोष्टीला जुना शब्द आहे, उचल. बीडहून ऊसतोडीला निघणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं, आणि कित्येकदा हंगाम संपला तरी ती फिटत नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याकडेच जावं लागतं. शहरात आली की तीच उचल ‘ॲडव्हान्स’ होते आणि मुकादम ‘सुपरवायझर’.

हे मला कळलं ते एका गेटवर. उंच इमारतीच्या काचा पुसायला आमच्याकडे माणसं नव्हती, म्हणून ते काम एका ठेकेदाराला दिलं होतं. गेटपाससाठी आधार मागितलं, तर पाच मुलांची पाचही कार्डं सुपरवायझरच्या पिशवीतून निघाली. एटीएम कार्डंही तिथेच. मुलं ओडिशाची होती. त्यातल्या एकाने घरून निघताना वीस हजार घेतले होते. खोलीभाडं आणि जेवणाचे पैसे कापता कापता आठ महिन्यांनी तो आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. बहिणीच्या लग्नाला त्याला जाऊ दिलं नव्हतं. ठेकेदाराचं लायसन्स, पीएफची चलनं, सगळं माझ्या फाइलमध्ये होतं. कागद चोख होते.

त्या रात्री मी त्याचं कोटेशन पुन्हा काढून पाहिलं, आणि तुम्हीही सुरुवात तिथूनच करा असं सांगेन. किमान वेतन धरा. त्यावर मालकाचा पीएफ १३ टक्के, ईएसआय म्हणजे कामगार विमा ३.२५ टक्के, बोनस ८.३३ टक्के. म्हणजे किमान वेतनाच्या वर साधारण चौथा हिस्सा इथेच जातो. सुट्टीचा बदली माणूस, गणवेश, साबण-फिनेल आणि ठेकेदाराचा नफा वेगळाच. ज्याचा दर याच्याही खाली आहे, तो ती तूट कामगाराच्या खिशातून भरून काढतो. दुसरी जागाच नाही. सगळ्यात कमी दर म्हणून मीच त्याला निवडलं होतं, आणि याची खंत मला अजून आहे. दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती तेव्हाच्या खटल्यात, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीदेखील राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ खाली वेठबिगारीच. म्हणजे स्वस्त दर हा नुसता व्यवहाराचा प्रश्न उरत नाही.

मग माणसांशी बोला. सुपरवायझर नसताना, त्यांच्या भाषेत, पगार झाल्यावर दोन-तीन दिवसांनी. ‘त्रास आहे का?’ असं विचारलंत तर सगळे ‘नाही’च म्हणतील. आधार कुठे आहे, एटीएम कुणाकडे आहे, उचल किती होती आणि दर महिन्याला किती कापतात, हे विचारा. माझा सगळ्यात उपयोगी ठरलेला प्रश्न साधा आहे: उद्या घरी जायचं झालं तर कुणाला विचारावं लागेल?

काही सापडलं तर ठेकेदाराला त्याच दिवशी हाकलू नका. मी तेच करणार होतो. कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका बाईंनी अडवलं. म्हणाल्या, मुलं कर्जासकट दुसऱ्या साइटवर जातील, तुमचे हात तेवढे स्वच्छ होतील. म्हणून आधी कार्डं मुलांच्या हातात दिली, थकलेला पगार थेट त्यांना दिला आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता केला. वेठबिगारीतलं कर्ज १९७६ च्या निर्मूलन कायद्याने फेडावंच लागत नाही, हे ठेकेदाराला समोर बसवून सांगितलं. दोघे घरी गेले, तिघे आमच्या पटावर आले. मात्र धमक्या असतील, माणसं डांबून ठेवली असतील, तर स्वतः मध्यस्थी करू नका, जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे जा. लहान मूल असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा.

गणवेशाच्या पुरवठादारालाही कापड कुठल्या गिरणीचं हे विचारा. तामिळनाडूच्या काही सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाखाली मुलींची कमाई कराराची वर्षं संपेपर्यंत अडकवून ठेवली जायची. पण तुमची ताकद आधी ठेक्याच्या माणसांसाठी वापरा, तिथे तुमचा शब्द चालतो.

आता फॉर्म. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यातलं वार्षिक निवेदन ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना द्यावं लागतं. ते बंधन तुमच्यावर नाही, ग्राहकावर असेल. ‘आमच्याकडे असं काही नाही’ असं लिहू नका. काय तपासलं, काय सापडलं, काय केलं, एवढं खरं लिहा. आणि त्याच पत्रात दोन गोष्टी मागा. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता, म्हणजे महागाईप्रमाणे ठरणारा भाग, जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो, त्याबरोबर तुमचा दरही आपोआप बदलावा. आणि बिल ९० दिवस अडकू नये, कारण तोवर पगार थांबतात आणि माणसं पुन्हा उचलीकडे वळतात. आमच्या ग्राहकाने दराचं कलम लगेच मान्य केलं. बिलाची मुदत ४५ दिवसांवर यायला दीड वर्ष लागलं.