नकार एकदाच द्या, पण लेखी द्या

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरची. नोकरीसाठी पुण्यात असताना एका मुलाबरोबर अडीच वर्षं एकत्र राहत होते. लग्न ठरल्यासारखंच होतं, दोन्ही घरी माहीत होतं. गेल्या वर्षी मी ते नातं संपवून घरी परत आले. आता राजारामपुरीत एका ऑफिसात काम करते. तेव्हापासून त्याचे फोन थांबलेले नाहीत. रात्री दीड-दोनला फोन करतो, कधी रडतो, कधी शिव्या देतो. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून. ऑफिसच्या लँडलाइनवर, आईच्या मोबाइलवरसुद्धा. फ्लॅटच्या डिपॉझिटमधले त्याचे ४० हजार माझ्याकडे आहेत म्हणतो, आणि ते खरं आहे. ‘आपले फोटो आहेत अजून माझ्याकडे’ असंही बोलून झालंय. पोलिसांत गेले तर एन.सी. लिहून घेतली आणि नंबर बदला म्हणाले. माझं सिम त्याच्याच नावावर आहे. भाऊ म्हणतो, तालमीतली पोरं घेऊन जातो आणि मिटवून येतो. मी काय करू?

उत्तर : भावाला आधी थांबवा. आपल्याकडे निम्मी भांडणं तालमीच्या कट्ट्यावर मिटतात हे मलाही माहीत आहे. पण पुण्यात जाऊन चार पोरांनी नुसता आवाज चढवला तरी तो दुसऱ्या दिवशी मारहाणीची आणि धमकीची तक्रार देईल. मग तुमची तक्रार म्हणजे ‘दोन्ही बाजूंचं भांडण’ होऊन बसेल. आज तुमची बाजू स्वच्छ आहे, ती तशीच राहू द्या.

तुम्हाला एन.सी. देऊन परत पाठवलं, ते चुकलंच. एन.सी., म्हणजे एफआयआर न करता घेतलेली नुसती नोंद, अदखलपात्र गोष्टीची होते. तुम्ही सांगताय तो प्रकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये बसतो. १ जुलै २०२४ आधी हेच भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड होतं. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही तिच्याशी वारंवार संपर्क साधणं, किंवा ती इंटरनेटवर, ई-मेलवर काय करते यावर पाळत ठेवणं, याला कायदा ‘पाठलाग’ म्हणतो. त्यासाठी कोणी गल्लीत मागे फिरायलाच हवं असं नाही. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे एफआयआर व्हायलाच हवा. पहिल्यांदा शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दुसऱ्यांदा दोषी ठरला तर पाच वर्षांपर्यंत. मात्र पहिला गुन्हा जामीनपात्र आहे, त्यामुळे त्याला अटक झाली तरी तो लगेच सुटेल. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की पोलीस फिरले.

या कलमात तुमची केस दोन ठिकाणी अडू शकते. एक म्हणजे ‘स्पष्ट नकार’. तुम्ही रात्री फोन उचलून अर्धा तास वाद घातला असेल, कधी कीव येऊन समजूत काढली असेल. माणूस म्हणून ते स्वाभाविक आहे. पण त्याचा वकील तेच चॅट पुढे करून म्हणेल, ‘बाई बोलत होत्या की!’ दुसरी अडचण त्या ४० हजारांची. संपर्क त्या परिस्थितीत वाजवी होता असं आरोपीने दाखवलं तर तो पाठलाग ठरत नाही, अशी सूट याच कलमात आहे. ‘माझेच पैसे मागत होतो साहेब’ हे वाक्य तो आज ना उद्या म्हणणारच. म्हणून पोलिसांत पुन्हा जाण्याआधी हे निमित्त त्याच्या हातातून काढून घ्या. रक्कम मान्य असेल तर त्याच्या खात्यावर बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात ‘डिपॉझिट परतफेड’ लिहा. एकदम जमत नसेल तर वकिलामार्फत हप्त्यांचं पत्र पाठवा. रोख देऊ नका, आणि ‘समोर भेटून दे’ म्हणाला तर अजिबात जाऊ नका.

मग त्याच दिवशी एसएमएस आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर एकच मेसेज पाठवा : ‘आपलं नातं संपलं आहे. मला तुझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क नको आहे. मला, माझ्या घरच्यांना किंवा माझ्या ऑफिसात फोन अथवा मेसेज करू नकोस. केल्यास पोलिसांत तक्रार करेन.’ बस. ‘प्लीज’ नको, जुना हिशेब नको, रागाचा शब्द नको. पोहोचल्याची खूण दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. यानंतर त्याने काहीही पाठवलं तरी उत्तर नाही, ‘कळलं’ एवढंसुद्धा नाही. आईलाही तेच सांगा. बऱ्याच प्रकरणांत मुलगी गप्प बसते आणि आई फोनवर ‘बाळ, असं करू नकोस रे’ म्हणत राहते. तो तेवढ्यावरच तग धरतो.

पुरावा गोळा करताना एक फरक लक्षात ठेवा. साध्या कॉलची नोंद मोबाइल कंपनीकडे असते. कंपन्यांना हा तपशील, म्हणजे सीडीआर, किमान दोन वर्षं जपावा लागतो आणि तपासात पोलीस तो मागवू शकतात. व्हॉट्सॲप कॉल मात्र त्या सीडीआरमध्ये येत नाहीत. म्हणजे त्यांचे स्क्रीनशॉट तुम्हीच काढायला हवेत, आणि नावाऐवजी नंबर दिसेल असे. कॉल लॉगमधल्या जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, त्यामुळे आठवड्याला एकदा तरी हे काम उरका. एका वहीत तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा. लँडलाइनवर फोन आला तर ज्याने उचलला त्याने ती नोंद करून सही करावी, तो पुढे साक्षीदार होतो. आणि बाजारात ‘सीडीआर काढून देतो’ म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे.

कॉल रेकॉर्ड केला तर आपणच अडकू, अशी भीती अनेकींना असते. स्वतःच्या संभाषणाचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून चालतं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या जुन्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एका बाजूच्या संमतीने टेप केलेलं फोनवरचं बोलणं ग्राह्य धरलं होतं. प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोनच कोर्टात हजर करता आला तर काम सोपं होतं. तेव्हा एक्स्चेंज ऑफर बघून हा हँडसेट देऊन टाकू नका.

सिमचं काम मात्र आजच्या आज करा. नंबर त्याच्या नावावर आहे म्हणजे तो कंपनीच्या दुकानात जाऊन डुप्लिकेट सिम घेऊ शकतो, आणि मग तुमच्या बँकेचे ओटीपी त्याच्या हातात. स्वतःच्या नावावर नवं सिम घ्या, बँक, आधार, ई-मेल सगळीकडे नवा नंबर लावा. जुनं सिम एखाद्या जुन्या फोनमध्ये चालू ठेवा, म्हणजे त्याचे कॉल तिथे येत राहतील आणि नोंद होत राहील. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून पाहा. पुण्यातल्या लॅपटॉपवर अजून लॉगिन असेल तर तो तुमचे मेसेज वाचतोय, आणि ती पाळतही कलम ७८ मध्येच येते. गुगल अकाउंट आणि लोकेशन शेअरिंगही तपासा.

फोटोंच्या धमकीने घाबरून बोलणं पुन्हा सुरू करू नका. फोटो तुमच्या संमतीने काढलेला असला तरी खासगी फोटो तुमच्या परवानगीशिवाय पसरवणं न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-ई आणि ६७-अ ही कलमं लागतात. नुसती धमकी असेल तरी न्याय संहितेचं कलम ३५१ आहे, आणि त्या जोरावर पैसे मागितले तर खंडणीचं ३०८. ‘स्टॉपएनसीआयआय’ या संकेतस्थळावर फोटो अपलोड न करता त्याची डिजिटल खूण नोंदवता येते, म्हणजे सहभागी समाजमाध्यमं तो फोटो ओळखून अडवू शकतात. कोणी ६६-अ लावा म्हणालं तर ऐकू नका, ते कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलंय. लग्नाच्या आमिषाचं कलमही घाला असा सल्ला तुम्हाला मिळेल. नातं तुम्ही संपवलंत असं तुम्हीच लिहिताय. जे घडलं नाही ते फिर्यादीत आलं की घडलेल्यावरचाही विश्वास उडतो.

आता पुन्हा ठाण्यात जाल तेव्हा तोंडी सांगू नका. दोन पानी अर्ज, तो मेसेज, स्क्रीनशॉट, वहीच्या झेरॉक्स. फोन कोल्हापुरात आले, त्यामुळे ‘पुण्याला जा’ हे उत्तर चालत नाही, आणि हद्दीचा वाद घातलाच तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, आहे. ठाणे अंमलदाराकडून तुमच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. घेतच नाहीत म्हटलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, आणि तरीही हललं नाही तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात मॅजिस्ट्रेटपुढे. तिथेही भागलं नाही तर हायकोर्टासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची गरज आता उरलेली नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथे सीपीआर रुग्णालयासमोरच बसतं.

माझ्या मते मात्र तुमचं खरं हत्यार वेगळं आहे. तुम्ही एका घरात जोडप्यासारखे राहिलात, दोन्ही घरांना ते माहीत होतं, म्हणजे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातलं ‘विवाहसदृश नातं’ दाखवता येईल. त्या कायद्याच्या कलम १८ खाली कोर्ट त्याला फोनसह कोणत्याही मार्गाने संपर्क करायला मनाई करू शकतं, आणि तातडी असेल तर त्याची वाट न पाहता अंतरिम आदेशही देतं. तुम्ही आता इथे राहता, म्हणून अर्ज कोल्हापुरातच करता येतो. फौजदारी केसमध्ये ‘वारंवार’ सिद्ध करत बसावं लागतं. मनाई हुकूम हातात असेल तर त्यानंतरचा एक फोनही गुन्हा ठरतो. तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नसते. दूरध्वनी १५१००.

या अर्जाला एकत्र राहिल्याचा कागद लागेल. पुण्यातल्या फ्लॅटचा भाडेकरार दोघांच्या नावावर होता का, ते आधी बघा. सापडत नसेल आणि तो नोंदणीकृत असेल, तर नोंदणी विभागाकडून प्रत काढता येते. तुमचं नाव करारात नसेल तर त्या पत्त्यावर आलेली बँकेची पत्रं, गॅसचं पुस्तक, सोसायटीच्या पावत्या चालतील. तेवढं गोळा करा आणि भावाला घेऊन या. पुण्याला जायचंच असेल तर हे कागद आणायला त्याला पाठवू.