नॉइज कुठून येतोय, ते आधी शोध

प्रिय मित्रा,

काल रात्री तुझ्या एक्स-रे डिटेक्टरचे आलेख पाहिले. ५.९ केईव्ही ऊर्जेची मँगनीजची रेषा सुरेख आलीय, पण नॉइज स्पेक्ट्रममध्ये ५० हर्ट्‌झवर सुळका उभा आहे. पेपरची मुदत जवळ आलीय, सॉफ्टवेअरमध्ये कापून पुढे जाऊ का, विचारतोस. नको. नॉइज कुठून येतोय ते कळल्याशिवाय कापायचा नाही.

अतिवाहकता सुटण्याच्या उंबरठ्यावर तोलून धरलेली डिटेक्टरमधली ती फिल्म, म्हणजेच टीईएस, फोटॉनने जराशी तापते, रोध चढतो, करंट उतरतो, तेवढंच स्क्विड, म्हणजे चुंबकीय फ्लक्स मोजणारा तो अतिसंवेदनशील सेन्सर, टिपतो. त्याला तुझा फोटॉन काय आणि पंपाची केबल काय, दोन्ही फ्लक्सच. भेद तुला करायचाय. ऑप्टिमल फिल्टर त्या सुळक्याला आपोआप कमी वजन देतो, म्हणून तुझा रेझोल्यूशनचा आकडा छान दिसतो. दुखणं आत तसंच राहतं. पुढे मल्टिप्लेक्सिंग करशील तेव्हा डझनावारी पिक्सेल त्याच एका साखळीतून वाचले जातील आणि ते सगळ्यांना लागेल.

वीसेक वर्षांपूर्वी मी असाच सुळका कापला. चार महिन्यांनी क्रायोस्टॅट, म्हणजे डिटेक्टर अतिथंड ठेवणारं भांडं, शेजारच्या खोलीत हलवला आणि कॅलिब्रेशन बिघडलं. उघडलं तर कनेक्टरमागे शील्डची जाळी चेसिसला दुसऱ्या जागीही टेकलेली, तिथला रंग नखाएवढा खरवडलेला. ग्राउंड लूप, अर्थिंगला दोन वाटा! पाच मिनिटांचं काम. माझ्या विद्यार्थ्याचं चार महिन्यांचं मोजमाप गेलं. तो एक शब्द बोलला नाही, ते अजून सलतं.

तेव्हापासून मी रिव्ह्यू अडवतो. कटकट्या म्हणतात, म्हणू देत. २०२३मध्ये उडालेल्या एक्सरिझम या एक्स-रे उपग्रहावरचं रिझॉल्व्ह हे उपकरण बघ. सेन्सर सिलिकॉनचे आहेत, टीईएस नव्हेत, पण तेही ५० मिलिकेल्विनवरच चालतात. तोंडावरची झडप उघडली नाही, म्हणून बेरिलियमच्या खिडकीतून बघावं लागतंय आणि १.७ केईव्हीखालचं जवळजवळ सगळं अडलंय. तिथे कुणाचा हात पोचत नाही. तुझा हात आज पोचतोय, आणि तू फिल्टर लावायचं म्हणतोस? कुठून येतोय ते शोध रे आधी.

उद्या पल्स ट्यूब कूलर बंद करून दोन मिनिटांचा डेटा घे. मग तो चालू करून थर्मामीटरची केबल काढ, मग प्रेशर गेजची. एका वेळी एकच. प्रत्येक वेळचा स्पेक्ट्रम मला पाठव, रात्री कितीही वाजता.

तुझा,
काका