पल्सची गोळी एकदम बंद केली तर चालते का?

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली तेव्हापासून मेटोप्रोलॉल चालू होती. सकाळी तलावपाळीला चक्कर मारायला जातात, तिथे ग्रुपमध्ये कोणीतरी सांगितलं की ही गोळी ठोके कमी करून हार्ट वीक करते. झालं, मागच्या आठवड्यात मनानेच बंद केली आणि आता छातीत धडधडतंय म्हणतात. पण नेरूळला माझ्या आईला तर हार्ट वीक आहे म्हणूनच हीच गोळी दिलीये. मग खरं काय?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, पुढचं नंतर वाचा, आधी त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना फोन करून गोळी बंद केल्याचं सांगा. परत किती डोसने सुरू करायची ते तेच ठरवतील. छातीत दुखलं, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.

आता धडधड का, ते सांगते. ॲड्रेनलिन हे ठोके वाढवणारं हार्मोन हार्टवर काम करतं ते बीटा रिसेप्टरमधून, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागी ते चिकटतं तिथून. रिसेप्टर दोन प्रकारचे आहेत, अल्फा आणि बीटा, हे १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया मेडिकल कॉलेजचे फार्माकॉलॉजिस्ट रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं. एका जर्नलने तो पेपर नाकारला होता, दुसरीकडे छापून आला तरी बरीच वर्षं कोणी फारसं लक्षच दिलं नाही! पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी तो धागा पकडला, म्हणाले हार्टला जास्त ऑक्सिजन पोचवता येत नसेल तर हार्टची गरजच कमी करू, आणि त्यातून १९६४ च्या सुमारास प्रोप्रॅनोलॉल हे बीटा रिसेप्टर ब्लॉक करणारं औषध आलं. १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं ते अशा कामासाठीच. मेटोप्रोलॉल त्याच कुटुंबातली गोळी.

रिसेप्टर बरेच महिने ब्लॉक राहिले की पेशी त्यांची संख्या वाढवतात. गोळी एकदम थांबली की नेहमीचंच ॲड्रेनलिन त्या वाढलेल्या रिसेप्टरांवर तुटून पडतं, पल्स आणि बीपी उसळतं, आणि आधीच ब्लॉकेज असलेल्या माणसाला त्यातून अटॅकही येऊ शकतो. म्हणून मला हे असं फिरता फिरता दिलेले सल्ले फार काळजीचे वाटतात.

तुमच्या आईंचं म्हणाल तर वीक हार्टला या कुटुंबातली गोळी द्यायचीच नाही असंच डॉक्टर पूर्वी शिकायचे. १९७५ मध्ये स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी थोड्या पेशंटना या कुटुंबातली औषधं देऊन बघितली, सुधारणा दिसली, तरी जगाला पटायला १९९९ उजाडलं. तेव्हा मेटोप्रोलॉलच्या मोठ्या ट्रायलमध्ये मृत्यू साधारण ३४ टक्क्यांनी कमी झाले. अशा पेशंटमध्ये ॲड्रेनलिन सतत हार्टला हाकत असतं, त्या माऱ्यातून ही गोळी त्याला वाचवते. फक्त सुरुवात अगदी छोट्या डोसने करून हळूहळू वाढवतात.

सासऱ्यांना डायबेटिस असेल तर हेही डॉक्टरांना विचारा, कारण शुगर खाली गेल्यावर होणारी थरथर आणि धडधड ही गोळी लपवते, घाम मात्र येतो. आणि पल्स ५० च्या खाली जात असेल, चक्कर येत असेल तर तेही सांगा, डोस कमी करता येतो, पण टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांना विचारूनच.