वेदीपाशी आठवण झाली तर

प्रिय मुली,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दादाशी बोलणं बंद झालंय, आणि अशा मनाने प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत मंडळीबरोबर भाकर आणि द्राक्षारस, घ्यावं का, असं तू विचारलंस. ही अस्वस्थता फार जुनी आहे. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातली ‘डिडाखे’ नावाची नियमपुस्तिका आहे. तिच्या चौदाव्या अध्यायात सांगितलंय की ज्यांचं आपसात भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत भाकर मोडायला इतरांबरोबर बसू नये. पण ‘घेऊ नकोस’ एवढंच सांगून मी थांबणार नाही. प्रभुभोजनाला न जाणं सोपं आहे, अवघड आहे ते दादाच्या घरी जाणं.

तू लिहितेस, चूक त्याची आहे. असेलही. तरी बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ पुन्हा सावकाश वाच. तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं प्रभू तिथे म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी जा, असं म्हणतो. चूक किती कोणाची, याचा हिशेब तिथे मागितलेलाच नाही. शिवाय हे ऐकणारी माणसं गालीलातली. वेदी यरुशलेमच्या मंदिरात, पायी तीन-चार दिवसांच्या वाटेवर. अर्पण तिथेच सोडून गावी परतायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा मंदिरात यायचं, म्हणजे आठवडा सहज गेला. देवाला आपल्या उपासनेतला एवढा खोळंबा चालतो, याचं मला आजही नवल वाटतं.

राग आला म्हणून स्वतःला दोष देत बसू नकोस. वाळलेल्या हाताचा माणूस समोर उभा असताना सभास्थानातले लोक गप्प राहिले, तेव्हा येशूने रागाने सभोवार पाहिलं, असं मार्क ३:५ मध्ये आहे. त्यांच्या कठीण मनाचं त्याला दुःखही झालं, आणि त्याने तो हात बरा केला. त्या रागाच्या शेवटी एक माणूस बरा झाला. तुझ्या रागाने मात्र आतापर्यंत पत्रात दादाला ‘लोभी’ आणि वहिनीला त्याहून वाईट नाव दिलंय. डोंगरावरच्या प्रवचनात खुनाच्या आज्ञेपाठोपाठ शिवीगाळ येते ती याचमुळे. माणसाला एकदा असं नाव ठेवलं की त्याचं म्हणणं ऐकायची गरजच उरत नाही.

तुझ्या घरच्या प्रसंगाला सगळ्यात जवळची गोष्ट याकोब आणि एसाव या भावांची आहे. तिथेही वाद बापाच्या वारशाचाच. फसवून आशीर्वाद घेतलेला याकोब वीस वर्षं मामाकडे राहून परततो, तर एसाव चारशे माणसं घेऊन समोरून येतोय अशी बातमी येते. याकोब घाबरतो. दोनशे शेळ्या, दोनशे मेंढ्या, दुभत्या उंटिणी, गाई, गाढवं असे कळपामागून कळप भेट म्हणून पुढे पाठवतो आणि स्वतः सात वेळा जमिनीपर्यंत लवतो. एसाव धावत येऊन गळ्यात पडतो, दोघं रडतात. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. एसाव सेईरला परत जातो, याकोब सुक्कोथला. एकत्र राहायला ते जात नाहीत. नंतर त्यांचा बाप इसहाक वारतो तेव्हा दोघं मुलगे मिळून त्याला मूठमाती देतात (उत्पत्ती ३५:२९). समेट झाला म्हणजे एका छपराखाली राहायलाच हवं, किंवा तुझा वाटा तू सोडून द्यायलाच हवा, असं नाही. कागदपत्रं वकिलाकडे राहू देत. आईच्या दुखण्याखुपण्यात तुम्ही दोघं एकमेकांकडे पाहू शकलात, तरी पुष्कळ झालं.

आता जायचं कसं? मत्तय १८:१५ म्हणतं, एकटीने जा. मामांना मध्ये घालू नकोस, व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मजकूर पाठवू नकोस, कुटुंबाच्या ग्रुपवर तर नाहीच. तुझ्या तोंडून जे गेलं त्याचीच क्षमा माग, आणि त्या वाक्यात ‘पण’ येऊ देऊ नकोस. त्याने काय केलं हे त्याच भेटीत मोजायला बसलीस तर क्षमा मागितल्यासारखी होणार नाही. तुझी बाजू जरूर सांग, ती दुसऱ्या दिवशी सांगितलीस तरी चालेल. सूर्य मावळण्याआधी राग सोडावा, असं इफिसकरांस पत्रात आहे. भांडणाचा निकालही त्याच रात्री लागला पाहिजे, असं तिथे म्हटलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. दादा हात उगारतो किंवा आईला धमकावतो असं काही असेल, तर एकटी जाऊ नकोस. आधी मला किंवा पाळकांना सांग. क्षमेच्या नावाखाली मार सोसायला प्रभूने कोणालाही सांगितलेलं नाही.

आणि त्याने दार उघडलं नाही तर? रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौलाने ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ अशा दोन अटी घालून सर्वांशी शांतीने राहायला सांगितलंय. तुझ्या वाट्याचं तू केलंस तर पुढचं त्याच्यावर सोड, आणि प्रभुभोजनाला ये. शनिवारी त्याला सुट्टी असते ना? मग शनिवारीच जा.

तुझा,
काका