बसची वेळ सांगणाऱ्या प्रणालीवर काम करायचंय? मग आधी हे

लगेच मशीन लर्निंगला हात घालू नकोस. आधी जीटीएफएस, म्हणजे वेळापत्रकाचा डेटा लिहायची ठरलेली पद्धत, नीट वाच. अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेली वेळापत्रकाची ही मांडणी आज जगभर चालते. त्यात २५:१०:०० अशी वेळ दिसली तर ‘दुरुस्त’ करू नकोस. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्याच सेवेत धरतात, म्हणून ती तशी लिहितात.

सरावाला दिल्लीचा खुला डेटा घे, बसची थेट ठिकाणंही त्यात मिळतात. जीपीएसचे बिंदू रस्ता सोडून उडतात, काही बस गप्पच बसतात. खरं काम तिथेच आहे, मॉडेल नंतरचं. अंदाज तपासताना नुसती सरासरी चूक पाहू नकोस. बस सांगितल्यापेक्षा उशिरा आली तर माणूस वैतागतो. लवकर येऊन गेली तर ती चुकतेच. दोन्ही चुका सारख्या मोजणारे प्रबंध मला पटत नाहीत.

आणि स्टॉपवरची पाटी! एलईडीच्या ठिपक्यांच्या सोळा ओळींत देवनागरी बसवताना वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं कापली जातात. संगणकावर छान दिसलेली अक्षरं स्टॉपवर उभं राहून, भर उन्हात, लांबून वाचून बघ. आजी-आजोबांनाही वाचायला लाव.