पेज भारी की ब्लॅकमोर?

प्रश्न : लेड झेपलिन आणि डीप पर्पल हे दोन्ही रॉक बँड आवडतात, पण बँड सोडल्यावर झेपलिनचा गिटारिस्ट जिमी पेजने जास्त चांगलं काम केलं की पर्पलचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोरने? मित्राशी रोज वाद होतो. - एक वाचक, नाशिक

उत्तर : बँड म्हणून मला झेपलिनच भारी वाटतो, पण नंतरच्या कामाचं म्हणाल तर ब्लॅकमोर, आणि यात मला फार विचारही करावा लागत नाही. १९७५ मध्ये पर्पल सोडून त्याने गायक रॉनी जेम्स डिओला घेऊन रेनबो हा बँड काढला आणि पुढच्याच वर्षी 'रायझिंग' हा अल्बम आला, त्यातलं आठ मिनिटांचं 'स्टारगेझर' रात्री हेडफोन लावून ऐका, मग बोलू. १९९७ पासून तर गडी ब्लॅकमोर्स नाइट या बँडमध्ये जुन्या युरोपियन धाटणीचं अकूस्टिक वाजवतोय (ते मला झेपत नाही, पण हिंमत लागते राव).

पेजचं काय झालं, १९८० मध्ये ड्रमर बॉनहॅम गेला आणि बँडच बंद केला. मग गायक पॉल रॉजर्सबरोबर द फर्म हा बँड, दोन अल्बम, ठीकठाक. १९९३ मध्ये डेव्हिड कव्हरडेलबरोबर एक अल्बम, म्हणजे पर्पलचाच जुना गायक, घ्या! पण १९९४ मध्ये झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लँटबरोबर इजिप्शियन वादक घेऊन झेपलिनचं 'काश्मीर' हे गाणं वाजवलं ना, ते जबरदस्तच. आणि ही हौस जुनी बरं का, १९७२ मध्येच दोघांनी मुंबईत इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग करून पाहिलं होतं.